फोटो पार्कची वेळ उन्हाने ठरवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावाबाहेर, शेतांच्या कडेला उभारलेली रंगीबेरंगी फोटो पार्क आता लहानथोरांच्या आवडीची झाली आहेत. अलीकडेच अशा एका पार्कमध्ये आम्ही घरची मंडळी गेलो होतो. जागा स्वच्छ होती, मांडणी कल्पक होती आणि कर्मचारीही अगत्याने वागले. तक्रार आहे ती वेळेची. प्रवेश सकाळी दहाला सुरू होतो आणि सायंकाळी पाचच्या ठोक्याला शिट्ट्या वाजवून सर्वांना बाहेर काढले जाते. म्हणजे फोटोसाठी सर्वांत चांगला उजेड ज्या दोन वेळांना असतो, नेमक्या त्याच वेळी फाटक बंद!

सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो, त्यात निळा प्रकाश विखुरला जातो आणि उरलेले सोनेरी, तिरपे ऊन चेहऱ्यावर हळुवार पडते. डोक्यावरचे ऊन मात्र भुवयांची सावली डोळ्यांवर पाडते. आमच्या बहुतेक फोटोंत डोळ्यांच्या जागी काळे खळगेच आले आहेत.

सूर्यफुलांच्या ताटव्यात तर ही चूक महागात पडते. कोवळे सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे वळते. पूर्ण उमललेले मात्र पूर्वेकडे तोंड करून स्थिरावते, त्यामुळे ते सकाळी लवकर तापते आणि मधमाश्याही त्याच्याकडे अधिक येतात. या पार्कमध्ये फोटोसाठीचा चौथरा ताटव्याच्या पश्चिमेला बांधला आहे, तेव्हा त्यावर उभ्या राहणाऱ्याला फुलांची पाठच दिसते. मग फुलांचे तोंड गाठण्यासाठी लोक सरळ ताटव्यात शिरतात. आमच्या डोळ्यांदेखत तीन-चार झाडे मोडली. ‘आत जाऊ नये’ अशी पाटी तिथे आहे, पण चौथरा पूर्वेला असता तर तिची गरजच पडली नसती.

आणखी एक गोष्ट, तशी किरकोळ. गडद हिरव्या भिंतीला खेटून बसलेल्या माझ्या नातीच्या गालावर आणि हनुवटीवर फोटोत हिरवट झाक आली, कारण भिंतीवर पडलेला प्रकाश तिचाच रंग घेऊन परततो. भिंतीपासून चार पावलांवर जमिनीवर उभे राहण्याची खूण केली, तरी हे बरेचसे टळेल.

कर्मचारी लांबून येतात, त्यांच्यावर जादा तासांचा भार पडू नये, हे मान्य आहे. परंतु तास वाढवावेत असे माझे म्हणणेच नाही. निदान सुट्टीच्या दिवशी सूर्योदयाला फाटक उघडावे, भर दुपारी बंद ठेवावे आणि कलत्या उन्हात पुन्हा उघडून सूर्यास्तापर्यंत सुरू ठेवावे, एवढीच अशा पार्कच्या चालकांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक