स्मृती गेली म्हणून माणूस जात नाही

महोदय,

स्मृतिभ्रंशावरील आपल्या अंकातील लेखात ‘आठवणी गेल्या की माणूस उरत नाही’ असा जो सूर लागला आहे, तो मला पटला नाही. माणूस तोच राहतो तो जाणिवेच्या सातत्यामुळे, म्हणजे मागचे आपले म्हणून आठवत राहिल्यामुळे, असे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ मध्ये मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत मांडले होते. त्यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीड यांनी १७८५ मध्ये घेतलेला आक्षेप मला बिनतोड वाटतो: वृद्ध सेनापतीला तरुणपणीचा पराक्रम आठवतो, त्या तरुणाला शाळेत खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापती तो मार साफ विसरला आहे, मग लॉक यांच्या हिशेबाने सेनापती हा तो मुलगा असतोही आणि नसतोही.

मुळात स्मृती एकसंध नसते. १९५३ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेनंतर अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांना नवे काही लक्षात राहीनासे झाले, तरी आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्यात त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी केले आहे याचा मात्र त्यांना पत्ता नसे. आम्हा परभणीकरांना याचे नवल वाटू नये. माझे चुलते आता पोटच्या मुलाला ओळखत नाहीत, पण वेचणीच्या दिवसांत हाती कापूस दिला की सरकीवरून रुई सोडवतात, दोन्ही चिमटींत धरून हलकेच ओढतात आणि धागा आखूड निघाला तर पूर्वीसारखेच नाक मुरडतात. ही पारख, आणि हा तिरसटपणाही, दुसऱ्या कुणाचा कसा म्हणावा?

हा वाद केवळ पुस्तकी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, हे योग्यच झाले. परंतु ‘ते आता ते राहिलेच नाहीत’ असे म्हणत त्याच इच्छापत्रावर बोट ठेवणाऱ्या नातलगांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही: खाटेवरचा माणूस निराळा असेल, तर कागदावरची सही त्याच्या लेखी परक्याची ठरते. तो तोच आहे असे मानले तरच त्या कागदाला वजन येते, आणि मग त्याने आज आवडीने घेतलेल्या घोटालाही तितकेच वजन द्यावे लागते. म्हणून इच्छापत्र करणाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झाल्यास आपल्या तेव्हाच्या होकार-नकाराला किती मान द्यावा, हेही त्यात स्पष्ट लिहावे आणि ते घरच्यांना आधीच वाचून दाखवावे.

— एक वाचक, परभणी