पप्पा, ३९,००० परत पाठवलेत, रागावू नका

बडोदा, ४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि पप्पा,

सलाम.

फोनवरच बोलणार होते, पण फोनवर पप्पा "बरं बरं" म्हणून आईकडे देतात, आणि आई, तू लगेच भाजी काय केली, अनुच्या सर्दीचं काय झालं हे सुरू करतेस, आणि पंधरा मिनिटांनी मी फोन ठेवते तेव्हा लक्षात येतं की जे सांगायला केला होता ते राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच, पप्पांना आता बारीक अक्षर दिसत नाही हे मला राजूने सांगितलंय, तुम्ही लपवलंत तरी.

पप्पा, आधी वाईट बातमी. तुम्ही राजूच्या फोनवरून पाठवलेल्या ४०,००० मधले ३९,००० मी आज सकाळी तुमच्या खात्यात परत टाकले. हजार ठेवलेत, पाचशे रूथचे आणि पाचशे अनुचे, ते तुमच्या हाताने दिले असं सांगून त्यांना देईन. मेसेज आला असेल, फ्रॉड आहे म्हणून घाबरू नका, मीच आहे.

रागावलात ना? मला माहीत आहे, तुम्ही आता चष्मा काढून टेबलावर ठेवला असेल आणि खिडकीकडे बघत असाल. पण आधी पुढचं ऐका.

हे ४०,००० कुठून आले ते मी शोधून काढलं. पोस्टातल्या सीनियर सिटिझनवाल्या खात्याचं व्याज दर तीन महिन्यांनी येतं, चार लाखांवर ८.२ टक्क्यांनी ८,२००. मार्च २०२४ ला खातं उघडलंत, म्हणजे आत्तापर्यंत पूर्ण सहा हप्ते झाले, ४९,२००. त्यातले ४०,००० तुम्ही मला पाठवलेत. म्हणजे पप्पा, पावणेदोन वर्षांत त्या व्याजाला तुम्ही हातच लावला नाहीत! आणि मी इथे सगळ्यांना सांगत फिरते की इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद मिलचे पप्पांचे थकलेले पैसे आले, आता आई-पप्पांना जरा आराम आहे. आई अजून चुलीसारख्या त्या जुन्या हीटरवर पाणी तापवते, गिझर "पुढच्या महिन्यात" असं तिसरा हिवाळा ऐकतेय मी, ते यासाठी होय?

आणि वर राजू म्हणाला की तुम्ही पोस्टात जाऊन खातं बंद करायचा फॉर्म विचारून आलात, रूथच्या लॅपटॉपसाठी. ते अजिबात करायचं नाही. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातंच बंद करावं लागतं, आणि दोन वर्षं व्हायच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात, चार लाखांचे ६,०००. सहा हजार रुपये देऊन स्वतःचेच पैसे घ्यायचे, असं कुठे असतं का? फॉर्म आणला असलात तर राजूच्या मिनीला मागच्या बाजूला चित्र काढायला द्या.

आता आम्ही काय ठरवलंय ते. ठरवलंय म्हणजे ठरलंय, विचारत नाहीये, सांगतेय, पण नीट सांगतेय.

या नाताळला मुलांना प्रत्येकी २,००० चं गिफ्ट, आमच्याकडून, बस. गेल्या वर्षी काय झालं ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. रूथला १९,००० चा टॅब घेतला, मग अनुला कमी वाटू नये म्हणून त्याला १२,००० चं घड्याळ, तरी तो दोन दिवस गप्पच, कारण पोरांना आजकाल डबा उघडायच्या आधी फोनवर किंमत माहीत असते, एकोणीस आणि बारा यातला फरक त्याने खोक्याकडे बघूनच काढला. आणि ह्या ३१,००० चे हप्ते आम्ही जूनपर्यंत भरत होतो, फी भरायच्या महिन्यातसुद्धा. घड्याळ कुठे आहे विचाराल तर ड्रॉवरमध्ये, चार्ज नाही. प्रदीप एकदा चिडून म्हणाला की बडा दिन डिसेंबरात एक दिवस असतो आणि आपण तो सहा महिने फेडतोय. मी त्याच्यावर ओरडले, पण खोटं नव्हतं ते.

लहान असताना सोपं असतं ना. मिनीला बघा, सात पुड्या दिल्या, सगळ्या मिळून ६०० रुपयांच्या, की ती राणी. तिला पुड्या मोजायच्या असतात. मोठ्यांना एकच हवं असतं आणि ते तीस हजारांचं असतं. मधे कधीतरी एक वर्ष असं येतं की पुड्या कमी होतात आणि झाडाखाली रिकामं दिसतं, मग आपल्यालाच वाईट वाटतं आणि आपण ती जागा पैशाने भरायला जातो. मी तेच करत होते. म्हणून आता मी दोन वेगळे हिशेब केलेत. लॅपटॉप लागणारच आहे रूथला, फाइन आर्ट्सचं शेवटचं वर्ष आहे, पण तो नाताळ नाही, ती फी आहे. जेव्हा लागेल तेव्हा, आम्ही, फीच्या पैशातून घेऊ. अनुचा फोनही तसाच, बारावी होऊ दे. बड्या दिवसाच्या सकाळी उघडायला दोन हजारांचं काहीतरी पुरे.

आणि हे मी एकटीने नाही ठरवलं, चौघं बसून ठरवलं. प्रदीप म्हणाला पाच हजार, अनु म्हणाला दहा (हसू नका, तो सिरियस होता), आणि रूथ म्हणाली काहीच नको. मला जरा लागलंच ते, वाटलं ही रुसली. पण नाही हो, ती म्हणाली, मम्मी मला माहीत आहे पप्पाचा ओव्हरटाइम बंद झालाय, तू सांगत नाहीस इतकंच. एकवीसची होईल ती आता मार्चमध्ये. आपण समजतो पोरांना काही कळत नाही.

मला तरी कुठे नव्हतं कळत, पप्पा?

१९९१ चं मी कधी काढत नाही कारण आई रडते. पण आज काढते. दहा वर्षांची होते मी, मला सगळं ठाऊक होतं. बड्या दिवसाला तेरा दिवस राहिले होते, मिल बंद झाली आणि तुम्ही दुपारीच घरी आलात, डबा तसाच भरलेला. आई काही बोलली नाही, तिने तो डबा उघडून आम्हालाच वाढला. आणि मग २५ च्या सकाळी माझ्या उशीखाली ते पाकीट, आत वहीच्या कागदावर तुमच्या अक्षरात, "बेबीला लाल सायकल, पुढे जाळीवाली. मिलचे पैसे मिळाल्यावर." खाली सही, तारीखसुद्धा.

ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. लग्नात ट्रंकेत आली, बायबलमध्ये ठेवलेली. तुम्हाला कधी सांगितलं नाही कारण वाटलं तुम्हाला मागणी वाटेल.

आता खरं लिहिते. हो, मी रुसले होते. मागच्या गल्लीत त्या पोलीसवाल्यांच्या मुलीला नवी सायकल आली होती आणि मी दोन दिवस दारात उभीच राहिले नाही. पण दोनच दिवस हो पप्पा! तुम्ही मात्र ते चौतीस वर्षं धरून बसलात. मला दिसतं ते. पैसे आले तेही बड्या दिवसालाच, २०२३ ला, चेक दिल्याचं टीव्हीवर दाखवत होते आणि तुम्ही मला फोन करून पहिलं वाक्य काय बोललात, "बेबी, आता सायकल." मी हसले होते. फोन ठेवल्यावर प्रदीपला सांगता येईना मला काय झालंय ते.

तेव्हा कळलं नव्हतं की तुम्ही ती सायकल रूथ-अनुला देऊन फेडायला बघताय. नका हो. एक तर त्यांचं तुम्ही काही देणं लागत नाही, आणि माझंही नाही. तुम्हाला आठवतं का, मिल बंद झाली म्हणून तुमची मोठी काळी सायकल दिवसभर घरीच असायची, पूर्वी ती ड्यूटीवर जायची. मी तिच्यावरच शिकले, मधल्या दांडीखालून पाय घालून कैची, छावणीच्या मैदानात, आणि तुम्ही सीट धरून मागे पळत होतात, आई ओरडत होती गुडघे फुटतील म्हणून. इतका वेळ तुम्ही त्याच्या आधी कधी घरी नव्हतात. आणि केक! दरवर्षी बेकरीत मिश्रण घेऊन जायचो, पातेल्यावर आपल्या नावाची चिठ्ठी, मी पुढे दांडीवर पातेलं मांडीत धरून, आणि परत येताना ते गरम पातेलं पोटाला लागायचं. त्या वर्षी काजू नव्हते केकमध्ये, शेंगदाणे होते. अनुला मी हे सांगितलं तर तो म्हणतो शेंगदाण्याचा केक कसा लागतो ते करून दाखव. मी म्हटलं आजीला विचार.

तर आई, आलो की तो केक करायचा. शेंगदाणे मी आणते, तू काही आणायला मारोठिया बाजारात जाऊ नकोस.

अजून एक ठरलंय. मोठ्यांनी मोठ्यांना द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून. तुम्ही दोघं, राजू-स्मिता, आम्ही चौघं, आठ नावं, ज्याला जे नाव येईल त्याने फक्त त्यालाच द्यायचं आणि १,००० च्या वर जायचं नाही. म्हणजे आठ जणांनी आठ जणांना साड्या-शर्ट द्यायचं आणि मग ते कपाटात पडायचं हे बंद. मिनी चिठ्ठीत नाही, ती लहान आहे, तिला सगळ्यांनी द्या, पण सगळ्यांचं मिळून ५०० पर्यंत, स्मिताने स्वतःच सांगितलंय. अनु म्हणाला आजोबा हजारात नाही बसणार, ते लपवून जास्त देतील, त्यामुळे पप्पा, तुमच्या गिफ्टबरोबर दुकानाचं बिल जोडायचं आहे. हा नियम फक्त तुम्हाला आहे.

आता रोजचं. आम्ही २६ ला सकाळी पोचू, रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने. २५ ला प्रदीपची प्लांटवर ड्यूटी आहे, बदलून मिळाली नाही, मला माहीत आहे आई तू २४ ला आमची वाट बघशील, सॉरी गं, पुढच्या वर्षी नक्की. फतेहगंजच्या चर्चमध्ये कॅरल म्हणताना माझं लक्ष तिकडेच असेल. तुम्ही २४ च्या रात्री व्हाइट चर्चला जाल तेव्हा राजूच्या गाडीतून, स्कूटरवर नाही, आणि पप्पांनी कानटोपी घालायची, चर्चमध्ये चांगली दिसत नाही वगैरे नको. स्टेशनवर घ्यायला कोणीही येऊ नका, एवढ्या थंडीत, पप्पांच्या छातीला चालत नाही. आम्ही रिक्षाने येतो. पोहे-जलेबी आणून ठेवा म्हणजे झालं, आणि आई, जलेबी आमच्यासाठी, तुझी शुगर मी आल्यावर स्वतः मशीनवर बघणार आहे.

त्या ३९,००० चं काय करायचं तेही सांगते, मला आवडत नाही तुम्हाला हुकूम सोडायला पण सोडतेय. पहिला गिझर. राजूला सांगितलंय, या रविवारी माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. दुसरं, पप्पांचा डोळा. सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना आता आयुष्मानचं कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं, २०२४ पासून, पेन्शन किती, कमाई किती काही बघत नाहीत, फक्त आधार लागतं. राजूला दोनदा सांगून झालं, तुम्ही आधार कार्ड देत नाही म्हणतो, पत्र्याच्या पेटीत आहे ते, खालच्या कप्प्यात, मला माहीत आहे. द्या त्याला. मोतीबिंदू जानेवारीत करून टाकू, मी सुट्टी घेऊन राहते आठ दिवस. आणि जानेवारीत पुढचे ८,२०० येतील ते खर्च करायचे, दूध, फळं, रिक्षा, काहीही. साठवलेत तर मला कळेल, आता मला हप्ते मोजता येतात.

आणि पप्पा, फेडायचंच असेल तुम्हाला, तर त्या चिठ्ठीवर तारीख आहे पण मुदत नाही. राहू द्या माझ्याकडे तशीच.

या पाकिटात दोन घडी घातलेल्या चिठ्ठ्या आहेत, पिन मारलेल्या. निळ्या पेनाने फुली आहे ती आईची, दुसरी पप्पांची. रूथने काढल्यात, डोळे मिटून, मी समोर होते, चीटिंग नाही. एकमेकांना दाखवायच्या नाहीत. आई, पप्पांची चिठ्ठी तुलाच वाचून दाखवावी लागेल हे माझ्या आत्ता लक्षात आलं. मग त्यांची स्मिताकडून वाचून घ्या, ती कोणाला सांगणार नाही, आणि तू तेवढ्या वेळ स्वयंपाकघरात जा.

तुमची,
बेबी

ता. क. अनु विचारतोय शेंगदाणे सालीसकट घातले होते का.