टर्म नको, तारीख सांगा

मा. केंद्रीय कायदामंत्री यांस,
सादर नमस्कार.

1 ऑगस्टला मासेमारी सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी आमची होडी खाडीच्या मुखाशी गाळात रुतली. लाटांनी आपटून तळाच्या फळ्या फुटल्या, यजमानांचा खांदा निखळला. दुरुस्तीला तीन लाख सांगितलेत. माझं मंगळसूत्र सोडून बाकी सगळं सोनं गहाण पडलंय. हा गाळ काढून देतो, असं आमच्या खासदारांनी दहा वर्षांपूर्वी देवळासमोर सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात आम्ही बायकांनी त्यांना गाठलं, तर म्हणाले, "पुढच्या टर्मला नक्की करू."

तिथे माझा संयम सुटला. दोन टर्म कमी पडल्या?

मुदत वाढवून घ्यायची सवय जुनीच. 1976 मध्ये 42व्या घटनादुरुस्तीने संसदेने लोकसभेची पाच वर्षांची मुदत सहा केली. आमच्या राजापूरचे खासदार मधु दंडवते आणीबाणीत तुरुंगात होते. 44व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाचवर आली. दंडवते स्वतः पाच वेळा निवडून आले, त्यांच्या आधी बॅ. नाथ पै. सासरे दोघांच्याही सभांना चालत जायचे. तेव्हा जास्त वर्षं बसला तो वाईट, असं मी म्हणणार नाही. पण त्या दोघांची पुण्याई आजच्यांनी का वापरावी?

सरपंच कामाचा नसला तर त्याच्यावर अविश्वास ठराव येतो. खासदाराला मध्येच परत बोलवायचा हक्क मतदाराला नाही. आम्हाला पाच वर्षांतून एक दिवस, बाकी सगळे दिवस त्यांचे. माजी खासदाराला महिना 31,000 पेन्शन, शिवाय पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षामागे 2,500 जादा. गाळ तसाच ठेवून तिसरी टर्म काढली तरी त्यांची पेन्शन वाढणार आणि आमची पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत उधारी वाढणार. हा कुठला न्याय?

सगळ्या निवडणुका एकत्र घेण्यासाठी 129व्या दुरुस्तीचं विधेयक डिसेंबर 2024 मध्ये तुमच्याच खात्याने मांडलं. सभागृहांच्या मुदती जुळवायला दिल्लीला वेळ मिळतो, मग खासदार परत बोलवायच्या हक्काचा कायदा कुठे अडलाय? पक्ष कुठलाही असो, या एका बाबतीत सगळे एक होतात, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय.

खासदार परत बोलवायच्या हक्काचं विधेयक कोणत्या अधिवेशनात आणणार, ते लेखी कळवा. यजमानांचा हात अजून गळ्यात आहे. होडी ओढून वर घेतलीय, आणि खाडीत गाळ आहे तिथेच आहे.

आपली,
कोकण किनाऱ्यावरची एक मतदार