निळे काटे आणि एक वॉट

भुसावळ,
12 मे

प्रिय विन्या,

पत्र मिळालं. केळीला भाव बरा मिळाला, धाकट्याने तुझा वाटा बँकेत टाकला आणि तुझ्या डोक्यात मॅकिंटॉश, म्हणजे तो अमेरिकन कंपनीचा अ‍ॅम्प, शिरला. वहिनींना अजून काही बोलला नाहीस हेही वाचलं. ते तुझं तू निस्तर. यंत्राचं मी सांगतो, कारण दिवाळीत जळगावला एका जिनिंगवाल्यांच्या बंगल्यावर ते पोटभर ऐकायला मिळालं.

200 वॉटचा ट्रान्झिस्टरवाला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, म्हणजे आवाजाची बटणं आणि स्पीकर चालवणारी ताकद एकाच पेटीत. काळी काच, मागे किती वॉट जातायत ते दाखवणारी ती निळी मीटरं. दिवाणखान्यात येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यासमोर उभा राहतो आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच "वा!" म्हणतो. आपला अमळनेरवाला मात्र डोळे मिटून बसला. यजमानांनी कौतुकाने विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणे, "भो, आधी हाऊ निया लाइट बंद कर, मंग सांगस." यजमानांचा चेहरा उतरला, पण दिवे खरंच मालवले आणि मग कुठे नीट ऐकणं झालं.

त्याआधी मी एक गोष्ट बघून ठेवली होती. किशोरीताईंची एलपी लागली होती, आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला वाकावं लागे. तरी काटा एका वॉटच्या आसपास रेंगाळत होता, तान जोरात आली तर चार-पाचपर्यंत जाऊन परत. हिशेब सरळ आहे. 88 डेसिबलचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर 88 डेसिबल देतो, आणि घरात तेवढं म्हणजे चांगलंच मोठं. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे ज्या मीटरांपायी लोक जीव टाकतात, तीच मीटरं सांगत असतात की बाबा, एवढं मोठं यंत्र तुला नको होतं. हे मी यजमानांना बोललो नाही. फराळ चालू होता.

मग पैसे कशाचे? लोखंडाचे आणि तांब्याचे. बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये शेवटचा ट्रान्झिस्टर थेट स्पीकरला जोडलेला असतो. मॅकिंटॉशवाले त्यांच्या बऱ्याचशा अ‍ॅम्पमध्ये मधे ऑटोफॉर्मर घालतात, म्हणजे लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला एक प्रकारचा ट्रान्सफॉर्मर. स्पीकरचा विजेला विरोध ओहममध्ये मोजतात. मागे 2, 4, 8 ओहमची वेगळी टोकं, कुठलाही स्पीकर लावा, अ‍ॅम्पवर भार सारखाच. यावरून शौकिनांत उभे दोन तट आहेत. एक म्हणतो या लोखंडाने आवाज मऊ आणि सुस्त होतो, दुसरा त्यालाच भरदार, उबदार म्हणतो. मला तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, इतकी भरून आलेली क्वचित ऐकायला मिळाली. डग्गा मात्र असतो त्याहून थोडा गोल आणि जड वाटला. मला आवडला, तुला तबल्याची धार लागते, तू ऐकूनच ठरव.

या कंपनीचं मला खरं अप्रूप आहे ते वेगळ्याच कारणाने. फ्रँक मॅकिंटॉशने 1949 मध्ये ती काढली, 1951 पासून ठाण न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला. 1961 चा एमसी 275 हा व्हॉल्वचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प अजून लोक देव्हाऱ्यात ठेवावा तसा जपतात. पण 1962 पासून जवळजवळ तीस वर्षं त्यांची माणसं मोजणीची यंत्रं घेऊन गावोगावच्या दुकानांत बसायची. कुठल्याही कंपनीचा अ‍ॅम्प आणा, फुकट तपासून त्याचा आलेख कागदावर काढून देणार. दुसऱ्याचा माल फुकट मोजून द्यायला केवढा स्वतःवर विश्वास लागतो! आजच्या सोन्याच्या भावाने वायर विकणाऱ्यांना असं बसायला सांग बघू. शिवाय 1969 च्या वुडस्टॉकला, अमेरिकेतल्या त्या अफाट गर्दीच्या संगीत महोत्सवात, यांचेच 350 वॉटचे व्हॉल्व अ‍ॅम्प होते, म्हणजे आज दिवाणखान्यात बसलेलं हे घराणं एकेकाळी डीजेवाल्याचंच काम करून आलंय. 2024 मध्ये बोस या स्पीकरवाल्या कंपनीने मॅकिंटॉश विकत घेतली. पुढे काय होतं ते बघायचं.

आता तुझ्या भाच्याचं. तो अमेरिकेहून जुना 275 स्वस्तात पाठवतोय म्हणतोस. नको. तिथलं यंत्र 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचं. व्होल्ट स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरने उतरतील, पण आपले 50 हर्ट्झ 50 च राहणार, आणि कमी हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा जास्त तापतो. त्यात व्हॉल्व, त्यात सावद्याचा मे महिना. बाहेर 45 अंश असताना खोलीत शेगडी पेटवून तू मारवा ऐकणार? लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि तो साधा चौकोनी लहरीचा असला तर ट्रान्सफॉर्मर असा गुणगुणेल की तानपुरा वेगळा लावायला नको. घ्यायचाच तर इथल्या विक्रेत्याकडून 230 व्होल्टचा, ट्रान्झिस्टरचा, त्यांच्यातला लहानातला लहान.

पण त्याआधी ऐक. जळगावच्या बंगल्यात चकचकीत फरशी, समोर काचेची भिंत. एवढ्या यंत्रातून आलेली प्रत्येक तान काचेवर आपटून परत येत होती. तुझ्याकडे धाब्याचं घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, दोन कोनाडे. आवाज विखुरायला आणि मुरायला लोक पैसे मोजून जे करून घेतात, ते तुझ्या आजोबांनी आधीच बांधून ठेवलंय. धाकटा ती खोली पाडून स्लॅब टाकायचं म्हणतोय ना? तो स्लॅब थांबव. अर्धे पैसे चांगल्या स्पीकरवर घाल, आणि ते भिंतीला चिकटवू नकोस, दोन हात पुढे ओढ.

सध्याच्या स्पीकरच्या पाठीवर ओहम आणि डेसिबल छापलेले असतील, ते उलटटपाली कळव. मग पुढच्या रविवारी माझा जुना अ‍ॅम्प घेऊन येतो, तुझ्या खोलीत लावून बघू. वहिनींना सांग, भरीत-पुऱ्या नकोत, कळण्याची भाकरी चालेल.

तुझा,
नाना