डम्पस्टर मिळतो यार्डात, बिल येतं टनात

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेत घराचं छप्पर बदलण्यावर आलेला लेख वाचला. विषय निवडलात त्याबद्दल मनापासून आभार, इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना याची माहिती मराठीत कुठे मिळत नाही. पण डम्पस्टरच्या, म्हणजे मोडतोडीचा कचरा टाकायला भाड्याने आणतात त्या उघड्या लोखंडी डब्याच्या, परिच्छेदात ‘शक्यतो मोठाच घ्या म्हणजे काळजी मिटते’ असं जे छापलंय ते वाचून मी रात्री नीट झोपले नाही, कारण नेमका हाच सल्ला ऐकून गेल्या एप्रिलमध्ये आम्ही फसलो. यार्डांचे, म्हणजे डब्यात किती घनयार्ड माल मावतो त्याचे, आकडे सगळे दिलेत, १०, २०, ३०, ४०. वजनाबद्दल अख्ख्या लेखात एक शब्द नाही!

शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या डांबरी चकत्या, काही सोफे आणि खोके नव्हेत. रूफर, म्हणजे छप्पर बसवणारे लोक, ते ‘स्क्वेअर’मध्ये मोजतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, आणि साध्या थ्री-टॅब शिंगल्सचं वजन एका स्क्वेअरला २०० ते २५० पाऊंड भरतं, जाड आर्किटेक्चरल असतील तर त्याहून जास्त. आमचं छप्पर २४ स्क्वेअरचं. म्हणजे साधारण साडेपाच हजार पाऊंड, आणि भाड्यात ३ टन वजन धरलेलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. (इथला टन २००० पाऊंडांचा, म्हणजे ९०७ किलो, आपला हजार किलोचा नाही, हेही लेखात यायला हवं होतं, मी स्वतः फोनवर ३ टन ऐकून ३००० किलो धरून बसले होते.)

बुकिंगच्या वेळी फोनवरच्या मुलीने विचारलं होतं, छपरावर थर किती? मी म्हटलं एकच. खालून बघितलं तर एकच दिसतो ना! पण आधीच्या मालकाने जुनं न काढता त्याच्यावरच नवीन शिंगल्स ठोकलेले होते. इथे बहुतेक ठिकाणी दोन थरांपर्यंत चालतं, तिसरा टाकायला परवानगी नाही, दोन झाले की सगळं खरवडून लाकडापर्यंत यावं लागतं. माणसं वर चढली, पहिल्या तासातच एकजण वरून ओरडला की खाली अजून एक थर आहे, आणि माझ्या पोटात गोळाच आला. २४ चे ४८ स्क्वेअर झाले. वळचणीच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते, ती आधी जरा उचलून बघितली असती तर थर मोजता आले असते, पाच मिनिटांचं काम, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि कालच्या लेखानेही कुणाला सांगितलेलं नाही.

त्यात आम्ही ३० यार्डांचा घेतलेला. काम संपलं तेव्हा तो वरून चांगला रिकामा दिसत होता, मिस्टर म्हणाले बघ, केवढी जागा उरली. म्हणून कुणी वजनाचा विचारच केला नाही, कुजलेलं प्लायवूड टाकलं, शिंगल्सखालचा जुना फेल्ट, म्हणजे डांबरी कागद, टाकला. मग दोन रात्री पाऊस लागला आणि डम्पस्टर उघडा. ताडपत्री टाकायचं कुणालाच सुचलं नाही. आत मुरलेलं पाणीही काट्यावर वजन म्हणूनच मोजलं जातं. काट्याची पावती आली ६.२ टनांची. वरच्या ३.२ टनांना टनामागे ९५ डॉलर, म्हणजे ३०४ डॉलर जादा, आणि ते न विचारता थेट कार्डावर लावलेले. रूफरला विचारलं तर तो म्हणाला डम्पस्टर तुमच्या नावावर आहे, भाड्याच्या कंपनीला विचारलं तर त्यांनी मला मीच दिलेलं ‘एकच थर’ हे उत्तर वाचून दाखवलं. चूक माझी होती हे मला मान्य आहे, म्हणूनच ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये एवढ्या कळकळीने लिहितेय. डब्याचा आकार वाढला म्हणून वजनाची मर्यादा त्या प्रमाणात वाढत नाही. शिंगल्सला २० यार्डांचा, ठेंगण्या भिंतींचा बरा पडतो, टाकायलाही सोपा, आणि बुक करायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात, किती टन धरलेत, वरच्या टनाला काय दर, आणि तो कोण भरणार, तुम्ही की रूफर. बरेच रूफर स्वतःचा डम्पस्टर आणतात, तेव्हा तर हे आधी नक्की विचारावं.

ड्राईव्हवेबद्दल लेखात एक ओळ तरी आहे, पण ‘जपावे’ म्हणजे काय करावे? चाकांखाली जाड फळ्या टाकायला सांगाव्यात, ट्रक यायच्या आधी, कारण एकदा डबा टेकून भरला की मग तो उचलून फळ्या सरकवता येत नाहीत. आमच्या डांबरी ड्राईव्हवेवर दोन खाचा पडल्यात त्या अजून तशाच आहेत. आणि रस्त्यावर ठेवायचा असेल तर बऱ्याच शहरांत परमिट लागतं, ते काढायची जबाबदारी कुणाची हेही फोनवरच विचारून घ्यावं.

आता तुमच्या फोटोबद्दल. लेखासोबतच्या फोटोत डम्पस्टर काठाच्या वर दीड-दोन फूट ढीग लागेपर्यंत भरलेला आहे. असा भरलेला डबा ड्रायव्हर नेत नाही, रस्त्यावर माल पडेल म्हणून तो नेऊच शकत नाही, काठाच्या खाली आणा म्हणतो आणि निघून जातो, आणि त्या रिकाम्या खेपेचे पैसेही बऱ्याचदा आपल्याच नावावर लागतात. लोक वाचतात कमी आणि फोटो बघून शिकतात जास्त.

छपरांचा हंगाम आता सुरू होईल, त्याच्या आत वजनाबद्दल चार ओळींचा खुलासा त्याच पानावर छापावा ही विनंती. आणि तो फोटो ई-पेपरवर अजून तसाच आहे, तो तेवढा आजच काढा.

आपली,
एक नियमित वाचक, ओहायो