हंपीच्या सहलीत हिरेबेनकलसाठी एक दिवस ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून हंपीला जाणाऱ्यांची कमी नाही. मी स्वतः चार वेळा गेलो, पण गंगावतीजवळच्या हिरेबेनकलची टेकडी या खेपेला पहिल्यांदा चढलो. इतकी वर्षे का चढलो नाही, याची रुखरुख लागली आहे.

खडकातून, काटेरी झुडपांतून वाट. वर पोहोचलो आणि समोर दगडी घरांची आळीच उभी! तीन-चार उभ्या शिळा, त्यांवर एक आडवी, काही घरे माणसापेक्षा उंच. काहींच्या एका शिळेला गोल भोक. त्याच्या कडेवरून तळहात फिरवला. कुठे टोचत नाही, इतकी ती घासलेली. ही महापाषाणयुगीन, म्हणजे मोठाल्या शिळा उभारून मृतांची स्मारके करणाऱ्या काळातली दफनस्मारके आहेत, सुमारे चारशे, दोन हजारांहून अधिक वर्षांची. शिळा तिथल्याच खडकातून काढलेल्या, आणि त्या खाणीच्या खड्ड्याचे आज तळे झाले आहे. आमच्याबरोबर आलेला गावातला गुराखी मात्र यांना थडगी म्हणत नाही. ‘मोरेर मने’ म्हणतो. कन्नडमध्ये मने म्हणजे घर, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

अशाच एका घरात कुणीतरी तीन दगडांची चूल मांडली होती. छताची शिळा काजळीने काळी, खाली प्लास्टिकच्या ताटल्या. शेजारच्या शिळेवर ऑइलपेंटने नावे. त्यांतली दोन देवनागरीत, चक्क मराठी! माझ्या नातवाने ती मोठ्याने वाचली, तेव्हा त्या गुराख्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

२०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आपल्या मराठा किल्ल्यांबरोबरच हिरेबेनकलचेही नाव गेले होते. किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा झाले, आपण फटाके वाजवले. हिरेबेनकल मात्र अजून संभाव्य यादीतच आहे. आपला संबंध तेवढाच नाही. कर्नाटकातल्या सुरपूर भागातली अशीच दफने उकरून त्यांची टिपणे ठेवणारा इंग्रज मेडोज टेलर १८५३ नंतर नळदुर्गला अधिकारी होता. नळदुर्गला सहली नेणाऱ्या किती शिक्षकांनी मुलांना हे सांगितले असेल?

शाळांच्या सहली आता ठरतील. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की, हंपीचा मुक्काम एका दिवसाने वाढवा आणि मुलांना इथे आणा. सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर घ्या, डबे खाली उतरल्यावर उघडा. शिळांवर कुणाला चढू देऊ नका. आणि जमले तर जाताना एक पिशवी न्या व वाटेवरचा कचरा तेवढा गोळा करा; शिळांवरची नावे मात्र घासू नका. रंग काढायचे काम जाणकारांचेच. आपणही आपल्या दैनिकात सहलींच्या आधी या जागेवर एक सचित्र पान द्यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर