सरकारी पैसा आणि बातम्यांचा कल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की सरकारच्या पैशावर चालणारं चॅनेल सरकारचीच री ओढणार, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, तेव्हा सगळे पब्लिक रेडिओ-टीव्ही बंद करा आणि लोकांचा टॅक्स वाचवा. तेव्हा मी जास्त बोललो नाही, कारण हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाहीये आणि मला या विषयाचं खरंच खूप वाटतं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय, सवडीने वाच.

आधी अमेरिकेचंच घेऊ कारण तू तेच उदाहरण देत होतास. तिकडे तक्रार बरोबर उलटी आहे, की सरकारी पैसा खाऊन हे लोक एकाच पक्षाच्या बाजूने बोलतात. आणि ही तक्रार अगदीच हवेतली नाहीये हं. एनपीआर म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओ, तिथेच २५ वर्षं काढलेल्या उरी बर्लिनर नावाच्या सीनियर एडिटरने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर लिहिलं की आमच्या न्यूजरूममध्ये वेगळा विचार करणारं कुणी उरलेलंच नाही. त्यावर काय झालं, तर परवानगी न घेता बाहेर लिहिलं म्हणून त्याला पाच दिवस सस्पेंड केलं आणि मग त्याने राजीनामाच दिला. मला हे अजिबात पटलेलं नाही. आतला माणूस पोटतिडकीने सांगतोय तर बसून ऐकायला हवं होतं, कारण तो जे म्हणत होता ते बाहेरचे लोक किती वर्षं म्हणतच होते.

पण त्यावर उपाय काय केला बघ. मे २०२५ मध्ये ट्रम्पनी सरकारी पैसा बंद करायची ऑर्डर काढली आणि जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पब्लिक रेडिओ-टीव्हीसाठी पुढच्या दोन वर्षांचे आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले. आता हा पैसा जायचा कुठे? एनपीआरच्या बजेटमध्ये थेट सरकारी पैसा साधारण एक टक्का, म्हणजे ज्याच्यावर राग होता त्याला फार काही झालंच नाही. या १.१ अब्जांसारख्या सरकारी पैशातला ७० टक्क्यांहून जास्त गावोगावच्या छोट्या स्टेशनांना जायचा. अलास्कात बेथेल म्हणून गाव आहे, बाहेरून तिथे जायला रस्ता नाही, विमानाने नाहीतर नदीतून जायचं, आणि तिथलं केवाययूके हे स्टेशन इंग्लिशबरोबर युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बातम्या देतं. त्यांच्या कमाईतला मोठा हिस्सा याच फंडातून यायचा, तो गेल्यावर स्टाफ कमी करायची वेळ आली. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये हालोंग वादळाचा तडाखा त्या किनाऱ्याला बसला, किपनुकसारख्या गावांतली घरं अक्षरशः वाहून गेली, शेकडो लोकांना विमानाने हलवावं लागलं, आणि त्यांच्या भाषेत खबर द्यायला हेच अर्धं झालेलं स्टेशन होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर सुकं राहिलं बाजूला आणि ओलंच जळालं. याचा मला खरंच संताप येतो.

आणि गंमत नाही तर वाईट हे की हे होऊ नये म्हणूनच तिथे व्यवस्था केलेली होती. १९६७ च्या कायद्याने कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग मध्ये उभी केली, सरकार आणि स्टेशन यांच्यात आडोसा म्हणून, पुढे पैसाही दोन वर्षं आधी मंजूर करायची पद्धत पडली, का तर आज बातमी झोंबली म्हणून उद्या कुणी हात आखडू नये. राष्ट्राध्यक्ष निक्सनने १९७२ लाच फंडिंगचं बिल व्हेटो करून दाखवलं होतं की हे सगळं किती कच्चं आहे. पन्नास वर्षांनी ते पडलंच, ऑगस्ट २०२५ मध्ये कॉर्पोरेशनने गाशा गुंडाळतोय असं जाहीर केलं.

हे एकाच पक्षाचं काम आहे असं समजू नकोस. पोलंडमध्ये २०१५ ला लॉ अँड जस्टिस पक्ष आला आणि त्यांनी लगेच कायदा करून टीव्हीपी या सरकारी टीव्हीचे साहेब नेमायचा अधिकार मंत्र्याच्या हातात दिला, आठ वर्षं चॅनेल सरकारचा भोंगा झालं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये विरोधी बाजूचे टुस्क पंतप्रधान म्हणून आले, त्यांच्या मंत्र्यानेही काही दिवसांतच सगळे साहेब काढले, न्यूज चॅनेल मधेच बंद पडलं, मग राष्ट्राध्यक्षांनी पैशाचं बिल अडवलं आणि मंत्र्याने कंपनीच लिक्विडेशनमध्ये टाकली. आपल्याकडेही आणीबाणीत ऑल इंडिया रेडिओला लोक ऑल इंदिरा रेडिओ म्हणायचे, त्यानंतर १९९० ला प्रसार भारतीचा कायदा झाला, तो लागू व्हायला १९९७ उजाडलं, आणि कागदावर स्वायत्तता असली तरी पैशासाठी आजही मंत्रालयाच्या अनुदानाकडेच बघावं लागतं. सरकारं बदलली पण ही नाडी कुणीच सोडली नाही.

म्हणून मला जर्मनीचं बघावंसं वाटतं. तिथे पब्लिक रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, टॅक्समधून नाही, वेगळे. किती लागतील ते केईएफ नावाचं स्वतंत्र मंडळ हिशेब तपासून सांगतं, मग सोळाही राज्यांनी होकार द्यायचा. २०२० च्या शेवटी सॅक्सनी-आन्हाल्ट या एका राज्याने वाढ अडवली, तर २०२१ मध्ये घटनात्मक कोर्टाने सरळ सांगितलं की असं अडवता येणार नाही, आणि वाढ लागू केली. याच कोर्टाने २०१४ मध्ये झेडडीएफ या पब्लिक टीव्ही चॅनेलच्या देखरेख मंडळात सरकारशी संबंधित माणसं एक तृतीयांशपेक्षा जास्त नकोत असंही बजावलं होतं. तिथेही सगळं गोड नाहीये, १८.९४ युरोची केईएफची पुढची शिफारस राज्यांनी लागू केली नाही म्हणून परत कोर्टबाजी सुरू झाली, आणि लोक बळजबरीची फी म्हणून कुरकुरतातच. पण भांडण कोर्टात होतंय, मंत्र्याच्या केबिनमध्ये नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

तर तू टॅक्स वाचवायचं म्हणतोस ते मला समजतं, पण अमेरिकेत हा खर्च माणशी वर्षाला दीड-पावणेदोन डॉलर होता रे, आणि त्याच्या बदल्यात बेथेलसारख्या ठिकाणी कुठलं प्रायव्हेट चॅनेल येऊन युपिकमध्ये बातम्या देणार आहे? जाहिराती मिळणारच नाहीत तिथे. पैसा कोण देतो यापेक्षा तो कोण आणि किती झटक्यात थांबवू शकतो हे आधी बघायला हवं, आणि साहेब कोण नेमतो ते. या दुसऱ्या मुद्द्यावर माझं अजून पक्कं झालेलं नाही, एक तृतीयांशची मर्यादा ठीक, पण उरलेले दोन तृतीयांश कुणी निवडायचे? चर्च, युनियन, खेळाच्या संघटना असे लोक तिथे बसतात, तेही कुणाच्या ना कुणाच्या जवळचे असतातच. तुझा संस्थांमधल्या नेमणुकांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा यावर तुला काय वाटतं ते नीट सविस्तर लिही, फोनवर नको.

तुझाच मित्र